समोरच्या स्टॉलवर गेलेली गिऱ्हाइकं

प्रिय अहो,

इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. त्यामुळे सुरुवात काय करायची यातच माझा चहा गार झाला. शेवटी म्हटलं, जी हाक रोज मारते तीच कागदावर उतरवावी. टाके कसे आहेत? तुमच्या ताई फोनवर म्हणाल्या की जेवण नीट जातंय आणि तुम्ही त्यांच्या स्वयंपाकात चुकाही काढायला लागलात, म्हणजे तब्येत सुधारतेय. डॉक्टरांनी धंद्याचं बोलायचं नाही असं बजावलंय, ते माझ्या लक्षात आहे. पण हे पत्र धंद्याचंच आहे. टेकून बसा आणि सावकाश वाचा.

बेकरीच्या यंत्रांच्या प्रदर्शनाला मी जाऊ नये म्हणून तुम्ही किती आटापिटा केलात, ते आता पुन्हा पुन्हा आठवतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा तुमचं तेच. तिथे दिवसभर उभं राहावं लागतं, तुझे गुडघे दुखतील, आपले सेल्समन टायसाहेब सगळं बघतील, तू कशाला? मला वाटलं, माझ्या गुडघ्यांची किती ही काळजी! दरवर्षी तुम्ही तिथून यायचात ते पिशवीभर व्हिजिटिंग कार्डं घेऊन, आणि ऑर्डर विचारली की खोकायचात. प्रदर्शन म्हणजे जत्रा, लोक फुकटच्या पिशव्या गोळा करायला येतात, असं म्हणायचात. मी मान डोलवायचे. पण मनात एक खडा सलायचा, की मग त्याच जत्रेतून तुमचे ते दाढीवाले दोस्त वर्षभराचं काम कसं घेऊन जातात? यंत्रं त्यांचीही पीठ मळायचीच, बेकऱ्याही त्याच.

पहिल्या दिवशी स्टॉल बघितला आणि कपाळावर हात मारला. पुढे लांबलचक टेबल, जणू कोणी आत येऊ नये म्हणून घातलेली भिंत. टेबलामागे खुर्चीत आपला सेल्समन, टायची सैल झालेली गाठ सावरत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. आणि आपलं नवं यंत्र मागच्या कोपऱ्यात, प्लास्टिक पांघरून, आजारी माणसासारखं. मी विचारलं, हे चालू का नाही? तर टायसाहेब म्हणतात, “मॅडम, चालू केलं की पिठाने खराब दिसतं.” पीठ मळायचं यंत्र पिठाने खराब दिसतं! मी फिटरला हाताशी घेतलं, टेबल मागे सरकवलं, यंत्र अगदी वाटेच्या कडेला आणलं आणि पीठ-पाणी घालून सुरू केलं. आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले की या, बघून तरी जा. येणाऱ्याला कागद हातात कोंबण्याऐवजी आधी विचारायला लागले, तुमची बेकरी केवढी, पाव करता की बिस्किटं, सध्याच्या यंत्राचं काय दुखतंय? माणसं भडाभडा बोलायची हो. मळलेल्या पिठात हात घालून बघायची. बेकरीवाल्याला पीठ हाताला लागल्याशिवाय खरं वाटत नाही, हे मला नव्याने शिकायची गरज नव्हती. तुमचं पहिलंवहिलं यंत्र आपल्याच स्वयंपाकघरात सुरू झालं होतं, आणि भिंतीवर उडालेलं पीठ मीच खरवडलं होतं.

गर्दी झाली, पण ऑर्डर लिहिली जाईना. बघे थांबायचे, पोरासोरांना गंमत वाटायची, आणि सुट्या भागांची, दुरुस्तीची चौकशी करणारी, म्हणजे खरंच घेणारी माणसं थोड्या वेळाने समोरच्या स्टॉलवर दिसायची. तो स्टॉल कोणाचा, हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. तीन बेकऱ्या चालवतात, बोलणं एकदम रोखठोक. मनगटापर्यंत हात पिठात घालून म्हणाल्या, “हे चांगलंय. कधी मिळेल?” मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेले. परत येते तर बाई समोर, दाढीवाल्यांच्या खुर्चीत, आणि हाताला पीठ आपलं! माझ्या मनात पाल चुकचुकली. टायसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, “गिऱ्हाईक आहे मॅडम, चार ठिकाणी फिरणारच.” बोलताना नजर माझ्याकडे नव्हती, टायकडे होती.

मग मी एक उद्योग केला. मला जरा घेरी आल्यासारखं होतंय असं सांगून स्टॉलच्या मागच्या पडद्याआड, रिकाम्या खोक्यांमध्ये जाऊन बसले. या वयात लपाछपी! फार वेळ बसावं लागलं नाही. एका हॉटेलवाल्याने सुट्या भागांचं विचारलं आणि टायसाहेबांचा आवाज एकदम खाली आला. “यंत्र उत्तम आहे साहेब, पण पुढे भाग मिळतील याची खात्री मी देणार नाही. मालकांचं आता लक्ष राहिलेलं नाही. तुम्ही समोर बघा, माणूस भरवशाचा आहे.”

मी पडदा सारून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा टायपेक्षा लाल झाला. दाढीवाल्यांकडून काय मिळतं, असं मी सरळ विचारलं. आपलं मीठ खाऊन, वगैरे बरंच बोलले. शेवटी टायसाहेब एवढंच म्हणाले, “मॅडम, मी साहेबांच्या शब्दाबाहेर नाही.” मला ते खोटंच वाटलं. चोर पकडला गेला की मालकाचं नाव घेतो, असं म्हणून मी तरातरा वाट ओलांडली. दाढीवाले उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “वहिनी, म्हणजे त्याने तुम्हाला अजून सांगितलंच नाही?”

त्या खुर्चीत बसून मी सगळं ऐकलं. तुम्हाला थकवा जाणवू लागला तेव्हापासून हे ठरलंय. गिऱ्हाइकं हळूहळू त्यांच्याकडे वळवायची, मग यंत्रांचे आराखडे त्यांना द्यायचे, आपले कामगार ते ठेवून घेतील, आणि कारखान्याला कुलूप. कामगारांचा तुम्ही आधी विचार केलात, ते ऐकून बरं वाटलं. मग त्यांनी तुमचं वाक्य सांगितलं. वाईट हेतूने नाही, माझी समजूत काढायला. “तिला कळू देऊ नकोस, तिला नाही झेपायचं.”

त्यानंतर मला कशाकशाचा म्हणून संशय आला नाही! तुमचा खोकला, माझे गुडघे, मी कारखान्यात आले की तुम्ही मिटायचात ती फाइल. विश्रांतीसाठी ताईंकडेच जायचा हट्ट. ऑपरेशन तरी खरं झालं का, असंही क्षणभर वाटून गेलं. मग टाके मीच बघितलेत, हे आठवून माझी मलाच लाज वाटली.

शेवटच्या दिवशी मी टायसाहेबांना काढलं नाही. म्हटलं, आजपासून शब्द माझा. कोणी विचारलं तर सांगायचं, कारखाना चालू राहणार आहे. त्यांना किती हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी तो माणूस पहिल्यांदा वाटेत उभा राहून लोकांना आत बोलावत होता. तीन बेकऱ्यांच्या बाई पुन्हा आल्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “तुम्ही मालकाची बायको, की मालकीण?” मी म्हटलं, “कालपर्यंत बायको होते.” त्या हसल्या आणि ऑर्डर देऊन गेल्या. त्यांच्या मागोमाग आणखीही ऑर्डरी आल्या. आता ती यंत्रं करून द्यायलाच हवीत.

तुम्ही थकलात, थांबावंसं वाटतं, यात मला काही वावगं दिसत नाही. खुशाल थांबा. पण ते वाक्य तुम्ही काळजीपोटी म्हणालात की मला कमी लेखून, हे मला अजून कळलेलं नाही, आणि कळेपर्यंत मला स्वस्थता नाही. दाढीवाले शनिवारी आराखडे देण्याचे कागद घेऊन तुमच्याकडे सहीला येणार आहेत. त्यांनीच सांगितलं, आणि तुम्हाला आधी कळवायला मला वेळ दिला, हा त्यांचा भलेपणा. कारखान्याच्या कागदांवर माझं नाव कुठेच नाही, म्हणजे तुमची एक सही पुरेल. म्हणून हे पत्र ड्रायव्हरच्या हाती आजच धाडतेय. मी रविवारी येते. तिला नाही झेपायचं, हे समोर बसून, माझ्याकडे बघून म्हणा, आणि मग हवी तिथे सही करा. तोवर पेन ताईंकडे देऊन ठेवा.

तुमचीच,
अगं