यंत्र चालू स्थितीत आहे

प्रिय ऋतू,

फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस आणि मी रडायला लागते, म्हणून लिहिते आहे. ओपीडी आटोपली आहे, आणि डॉक्टर आज दुसऱ्या केंद्रावर आहेत, कारण दोन केंद्रांना मिळून आम्हाला एकच डॉक्टर दिला आहे. काल तुझे पप्पा येऊन गेले. आमचा आदिनाथ चहाला नको म्हणणारा माणूस नव्हे, पण काल नको म्हणाला. ऋतुजा नोकरी सोडतेय, रविवारी तिच्या सासूबाई केराबाई जुळे सोलापुरात तिच्या घरी येणार आहेत, त्यांच्यासमोर राजीनामा लिहून देणार आहे, असं त्यानं खाली बघत सांगितलं. तुझ्या सासूबाई काय बोलल्या तेही सांगितलं. "मशीनमधी ठिवूनबी पोर जगली न्हाय, म्हंजी पोटातच काय तरी झालतं की. आठव्या म्हयन्यापतूर गाडीवर हिंडली, मग दुसरं काय हुणार?" आणि यावर तू म्हणे, माझंच चुकलं, असं म्हणालीस. आणि नवरा असून शेजारी बसलेल्या पृथ्वीराजनं तुझी बाजू घेतली नाही.

अगं, तू आणि माझं चुकलं म्हणणारी? लहानपणी माझी मनगटावरची घड्याळं खोलून बसायचीस आणि वर मलाच सांगायचीस, आत्या, ते आधीच बिघडलेलं होतं. तुझ्या तोंडून कबुली काढायची म्हणजे वाळूतून तेल काढण्यातला प्रकार. आणि आता न केलेल्या गोष्टीची कबुली देत फिरतेस. गाडीवर तू हौसेनं हिंडत नव्हतीस. तुझ्या शाळेच्या गावाला एसटी एकदा सकाळी सातला आणि एकदा संध्याकाळी. चार वर्ग आणि तुला धरून दोन मास्तर, त्यातला दुसरा कायम कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणावर. सातव्या महिन्यापासून रजा मागत होतीस तर तुझ्या जागी द्यायला माणूस नाही म्हणून तुझे दोन अर्ज परत आले. मी नोव्हेंबरमध्ये तुझ्या शाळेत आले होते तेव्हा चारही वर्गांची पोरं एकाच खोलीत बसली होती आणि तू खुर्चीवर पाय वर घेऊन पाढे म्हणून घेत होतीस. पाय सुजले होते. मी तुझं ब्लडप्रेशर तिथंच पोरांसमोर मोजलं होतं, आठवतं? ते अगदी चांगलं होतं. बाळाचे ठोकेही चांगले होते. वीस वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईचा शब्द घे, गाडीनं तुझ्या बाळाला काही झालेलं नाही.

आता माझ्या केंद्राचं ऐक. मागल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्याकडे ते मशीन आलं, नव्यानं जन्मलेल्या बाळाला ऊब देणारं वॉर्मर. खोकं उतरवताना मी स्वतः हात लावला होता. गावातल्या बाया बघायला आल्या, कुणीतरी त्याला हळदकुंकूसुद्धा वाहिलं. प्लग लावला आणि अख्ख्या केंद्राची वीज गेली. पुन्हा लावला, पुन्हा गेली. वायरिंग जुनं, त्याला एवढा भार झेपत नव्हता. आमचे क्लार्क सिद्धप्पा यांनी मला समजावून सांगितलं, की मशीनचा हेड, म्हणजे पैशांचं खातं, वेगळा असतो आणि वायरिंगचा हेड वेगळा असतो, मशीनच्या हेडात पैसे आले, वायरिंगच्या हेडात आले नाहीत. रंगाच्या हेडात मात्र आले. त्यामुळे त्याच महिन्यात आमच्या भिंती गुलाबी झाल्या आणि दारावर हसऱ्या आईचं आणि बाळाचं चित्र आलं. मी हसले होते तेव्हा. सरकारी नोकरीत हसायची सवय लागते गं, नाहीतर माणूस रोज भांडत बसेल.

एकतीस मार्चला सिद्धप्पा कागद घेऊन आले. यंत्र बसवले, चाचणी घेतली, यंत्र चालू स्थितीत आहे. खाली प्रमुख परिचारिकेची सही. मी म्हटलं, अहो, ते चालत नाही. ते म्हणाले, "सिस्टर, करा की सही. आज कागद गेला न्हाय तर फुडच्या वर्षी आपल्याला एक रुपाया येनार न्हाय. वायरमन आठ दिवसांत येतोय." तेही खोटं बोलत नव्हते. आमच्यात हे असंच चालतं, आधी सही आणि मग काम. पाण्याच्या टाकीची सही अशीच केली होती आणि टाकी चार महिन्यांनी खरंच बसली. सही केली. मग वायरमनसाठी मी तीन पत्रं पाठवली. एप्रिल गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. मशीनवरचं प्लॅस्टिकही कुणी काढलं नाही. वर आम्ही गॉजचे गठ्ठे ठेवायला लागलो.

आणि हे सगळं ठाऊक असताना, केराबाई म्हणत होत्या, "हितंच सोलापुरात ऱ्हाऊ दे पोरीला, मोठा दवाखाना दहा मिन्टावर हाय," तेव्हा मीच पुढं होऊन बोलले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, आमच्या घराण्यात तसंच आहे, आणि आता तर आमच्या केंद्रात मशीनसुद्धा आहे. असं चारचौघांत म्हणाले. का म्हणाले? तू माझ्या हाताखाली बाळंत व्हावीस ही हौस. गावानं बघावं, विजयमाला सिस्टरनं भाचीचं बाळंतपण केलं. आणि वायरमन तोवर येईल, असं मनात धरून चालले होते. खरं सांगायचं तर कागदावर वाचून वाचून मलाच ते मशीन चालू वाटायला लागलं होतं.

मग नऊ जानेवारी. महिनाभर आधीच तुला कळा आल्या, आणि इतक्या झपाट्यानं की सोलापूर गाठणं शक्यच नव्हतं. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती दुसरा पेशंट घेऊन सोलापूरकडे निघालेली. सकाळी साडेदहाला मुलगी झाली. दोन किलोला थोडी कमी, पण रडली. तू ऐकलंस तिचं रडणं. बाहेर थंडी होती आणि आमच्या त्या खोलीत ऊन येत नाही. मी तिला पुसलं, गुंडाळलं आणि शेजारच्या खोलीत घेऊन गेले. आदिनाथ, वहिनी, आदल्या दिवशी तुला भेटायला आलेले पृथ्वीराज आणि केराबाई, सगळे बाहेर केंद्राच्या दारात उभे होते.

ऋतू, त्यांना मी सांगितलं, बाळाला मशीनमध्ये ठेवलंय, काळजी करू नका. ते खोटं होतं. मशीन कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली होतं. तिला मी माझ्या ब्लाउजच्या आत, छातीशी धरून वर दोन घोंगड्या घेऊन बसले होते, आणि मायाक्कानं, म्हणजे आमच्या गावच्या आशा सेविकेनं, दोनशे वॅटचा बल्ब जवळ धरला होता. तुझ्या अंगाशी द्यायला हवी होती, पण तुला रक्त जात होतं आणि मायाक्काला मी तुझ्याकडे आणि बल्बकडे दोन्हीकडे पळवत होते. दीड तासानं ॲम्ब्युलन्स आली. सोलापूरच्या वाटेवर, कामती गावाच्या अलीकडे पोर थंड पडली. मशीन असतं तर वाचलीच असती, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तिला ते मिळायला हवं होतं, आणि ते मिळालंय असं सगळ्यांना मी सांगितलं, म्हणून आज तुझ्या पोटाला दोष लागतो आहे. दोन महिने मी गप्प बसले, कारण पेन्शनला आठ महिने राहिले आहेत आणि कारण तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. काल आदिनाथ गेल्यावर जिल्ह्याच्या कार्यालयाला सगळं लिहून पाठवलं, माझ्या त्या सहीच्या झेरॉक्ससकट. दुसरी झेरॉक्स या पत्रात आहे. ती केराबाईंना दाखव, पृथ्वीराजला दाखव. राजीनामा लिहू नकोस. रविवारी सकाळच्या एसटीनं मी येते आहे, आणि हेच सगळं त्यांच्यासमोर तोंडानं सांगणार आहे. त्याआधी तुला एकटीला कळावं म्हणून हे लिहिलं. तू दार उघडलं नाहीस तर मी जिन्यात उभी राहून सांगेन, सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं तरी चालेल.

तू नातं तोडलंस तरी तुझीच,
विजयमालाआत्या