अक्काच्या बोलण्याखाली अक्षरं

मंगळवार, संध्याकाळ

अजून डोकं शांत होत नाही. आज टीव्हीवर माझी थोरली बहीण दिसली. एकेकाळी गाजलेला एक हिरो सांगोल्याजवळच्या तिच्या वस्तीवर शेळ्या राखायला आणला होता. कार्यक्रमाचं नाव 'रानाचा राजा' म्हणे! दूध अक्कानं काढलं, मुकुट त्याच्या डोक्यावर.

तेही सोसलं असतं. पण अक्का बोलायला लागली की पडद्यावर खाली अक्षरं. मराठीखाली मराठी! परदेशातून आली आहे का ती? त्या हिरोला धड 'शेळी' म्हणता येईना, त्याच्या बोलण्याखाली मात्र काही नाही. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवली, ती याचसाठी?

तावातावानं फोन लावला. "अक्का, थट्टा केली गं तुझी."

"करंनात की," ती म्हणाली. "त्यो बिचारा शूटिंग थांबल्यावर गोठ्यात बसून लई रडला. कुणी काम देत न्हाय म्हणला. भाकरी वाढली मी त्येला."

"मग हे का नाही दाखवलं?"

"कॅमेरावाला आलता की पळत. मीच हाकलला. रडत्या माणसाचं शूटिंग करत्यात व्हय?"