मोरचुदाचं पाणी

तुमसर,
१६ जानेवारी १९८३

चंद्रकलाताई यांस,

तेजरामचा नमस्कार. अक्षर माझं असलं तरी पत्र तुमच्या आईचं आहे. रुखमाकाकू समोर बसल्या आहेत आणि मी दोन ओळी लिहिल्या की विचारतात, "काय लिवलं?" म्हणून आधी त्यांचं, जसंच्या तसं:

"मी बरी आहो. चुरणा झाला, धान घरात आलं. खोकला गेला. तू तुह्या दवाखान्याच्या थंड्या फरशीवर खाली पायानं फिरत नोको जाऊ. तिथल्या वर्ध्याच्या पोरी फिरत असतीन, तू फिरू नोको. होळीले येजो."

आता माझं. काकूंना मारोतराव शेटच्या बंगल्यावर काम लागलं, हे तुम्हाला कळलंच असेल. शब्द मी टाकला होता. आंबागडहून सकाळच्या बसने येतात, चारला परत. काम हलकं आहे पण जगावेगळं आहे. शेटना मुंबईत कुणाच्या तरी घरी काचेच्या टाकीत समुद्राचे मासे दिसले. तेव्हापासून डोक्यात एकच, मुलीच्या लग्नात आपल्या दिवाणखान्यात समुद्र पाहिजे. लग्न २१ फेब्रुवारीला आहे. शेट आमच्या कॉलेजच्या संस्थेचे सचिव, मी तिथे प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेंपररी. मग दुसरं कोण करणार?

शेटच्या मिलचा तांदूळ घेऊन मुंबईला गेलेल्या ट्रकमधून समुद्राचं पाणी कॅन भरून आलं. मासे गेल्या आठवड्यात तुमसर रोडला मेलने उतरले, प्लास्टिकच्या पिशव्यांत, वर प्राणवायू भरलेला. चौदा निघाले होते, अकरा जिवंत पोचले. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले, काही हळदीसारखे पिवळे, एक निळा. काकूंनी पिशवी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हे खाचे नाहीत न? मंग कायले आनले?"

नवे मासे आल्याबरोबर आत सोडायचे नसतात. परसातल्या खोलीत वेगळी टाकी केली आहे. तिथे पाच-सहा आठवडे ठेवून, रोग नाही अशी खात्री करून मग दिवाणखान्यात. ते बरंच झालं, कारण तिसऱ्याच दिवशी तिघांच्या अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. मासे दगडाला अंग घासत होते, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते. हा एक जीव असतो, कातडीखाली शिरून रक्तमांसावर जगतो. त्यावर औषध मोरचूद, फवारणीचे निळे खडे असतात तेच. कॉलेजच्या तराजूवर तोलून, अगदी चिमटीच्याही आतलं, रोज पाण्यात टाकतो.

काकू घाबरल्या. "मोरचूद त जहर असते, बापू!" मी म्हटलं, काकू, या पाण्यात मासा जगून राहिला आहे, मग माणसाला काय होणार? तेव्हा हसल्या. आता त्याच मला आठवण करतात, "औषध टाकलं का?"

काळजी नसावी.

तेजराम

---

तुमसर,
३ फेब्रुवारी १९८३

चंद्रकलाताई यांस,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. काकूंना दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा त्यांनी ते नुसतं हातात घेऊन पाहिलं.

त्यांचा निरोप: "शाल भेटली. मी बरी आहो. मासे बी बरे आहेत. पोरीले सांग, आता तिची माय दाक्तरीन झाली."

मासे बरे दिसतात हे खरं. एकाच्याही अंगावर ठिपका उरला नाही, दाणे टाकले की वर येतात. या रोगाची एक वाईट खोड मात्र तुम्हाला सांगतो, तुम्ही नर्स आहात म्हणून. ठिपका जातो तेव्हा तो जीव मेलेला नसतो. पिकून अंगावरून गळतो, तळाशी जाऊन स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. कवचात असेपर्यंत त्याला मोरचूद लागत नाही. फुटून बाहेर पोहायला लागले की तेवढ्यात मरतात. म्हणून अंग स्वच्छ दिसलं तरी औषध पुढे चार आठवडे चालू ठेवावं लागतं.

शेटनी विचारलं, "ठिपके गेले न? मंग आता काहून थांबायचं?" मी सांगितलं, अजून दिवस पाहिजेत. ते म्हणाले, पाहुणे यायला लागतील, टाकी रिकामी दिसते.

परवा मासे दिवाणखान्यात हलवण्यात आले. तिथे शंख, प्रवाळ असं जिवंत काही आहे, त्यामुळे मोरचूद टाकता येत नाही. बघू. दिवे लावले की खरंच सुंदर दिसतं. शेटच्या आई गिरजाबाई तर रोज सकाळी टाकीला हळदकुंकू वाहतात.

बाकी सर्व ठीक.

तेजराम

---

तुमसर,
२७ फेब्रुवारी १९८३

चंद्रकलाताई यांस,

नमस्कार. या पत्रात काकूंचा निरोप नाही. आज भेट झाली नाही.

मासे गेले. पंधरा तारखेला निळ्याच्या अंगावर ठिपके दिसले, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या. या वेळी ठिपके मोजता येत नव्हते, पीठ चाळल्यासारखे होते. सतराला सकाळी शेवटचे तीन तरंगत होते. हळदीला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून पाहत उभ्या होत्या. मुलाकडच्यांपर्यंत बातमी गेली. त्यांनी लग्न पुढे ढकललं. कारण वेगळंच सांगितलं, पण गिरजाबाई म्हणतात, भरल्या घरात अकरा जीव मेले, कोण सून नेईल इथून?

काकू कामावर येतात. बंगल्यात त्यांना आत येऊ देत नाहीत, बाहेरचं झाडतात. चार दिवसांनी सगळं निवळेल. गावात कोणी काही बोललं आणि तुमच्या कानावर आलं, तर लगेच मनावर घेऊ नका. सुटी काढून येण्याची घाई नको.

शेट पुन्हा मासे मागवणार आहेत. मला परसातली टाकी धुऊन जंतू मारून ठेवायला सांगितलं आहे. तेवढं केलं की मी मोकळा.

तेजराम

---

सरकारी दवाखाना, भंडारा,
७ मार्च १९८३, सोमवार, दुपार

चंद्रकलाताई,

हे पत्र टपालात टाकत नाही. इथल्या निर्मलाबाई सिस्टर आजच्या गाडीने वर्ध्याला निघाल्या आहेत, त्यांच्या हाती देतो आहे. आधी महत्त्वाचं. काकू जिवंत आहेत, शुद्धीवर आहेत. शुक्रवारी त्यांच्या पोटात मोरचूद गेलं. किती, ते मी खाली लिहितो, तुम्हाला ते लागेल. कालपासून लघवी जवळजवळ बंद आहे, डोळे पिवळे झाले आहेत. डॉक्टर म्हणतात नागपूरला हलवा. त्याला रक्ताच्या माणसाची सही हवी. मिळेल त्या गाडीने या.

आता जे मी तुम्हाला लिहिलं नाही ते.

"मासे हलवण्यात आले" असं मी लिहिलं होतं. ते मी हलवले, माझ्या हाताने. काय होणार हे मला माहीत होतं. शेट म्हणाले, "जूनमध्ये परमनंटची यादी माझ्याच टेबलावर येते, तेजराम." मी दुसऱ्यांदा नाही म्हटलं नाही. जाळी घेऊन आलो.

मासे मेल्यावर त्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "तू त बरे झाले म्हनत होता?" मला तिथे खरं बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं: "परसातल्या टाकीची जाळी आतल्या पाण्यात गेली असेल. जाळ्या धुवायचं काम काकूंकडे आहे." ताई, काकूंनी आतल्या टाकीला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मीच लावू दिलं नव्हतं.

मी बोललो जाळीबद्दल. गिरजाबाईंनी ऐकलं, रुखमाचा हात. दोन दिवसांत तो हात झाला, मग नजर झाली. लग्न ढकललं गेलं तेव्हा करणी झाली. आठवडी बाजारात काकूंना पाहून बायका पोरांना मागे ओढत होत्या. काकू मला म्हणाल्या, "बापू, तू त शिकलेला आहेस. त्यायले समजावून सांग न, मासे कायनं मेले." मी म्हटलं, सांगतो. २७ चं पत्र मी त्याच दिवशी लिहिलं. त्या दिवशी काकू भेटल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी गिरजाबाईंनी बपेऱ्याच्या पलीकडून एक मांत्रिक बोलावला. तो परसात फिरला, परसातल्या खोलीपाशी थांबला आणि म्हणाला, "जिच्या हातानं मेले, तिले तेच पानी पाजा. हात साफ असन त काई होनार नाही."

खोलीत टाकी रिकामी होती. शेजारी बादली होती. टाकी धुवायला म्हणून मी अर्धा किलो मोरचूद त्या बादलीत नुकतंच विरघळवलं होतं. चिमूट नाही ताई, अर्धा किलो. पाणी निळंशार होतं. समुद्राचं पाणी असंच असतं असं त्या माणसांना वाटलं असेल. त्यातून एक तांब्या भरला.

मी दारात उभा होतो. तिथे नव्हतो असं मी पोलिसांना आधी सांगितलं होतं, पण मी दारात उभा होतो.

काकूंनी तांब्या हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. घाबरलेल्या नव्हत्या. मीच त्यांना दीड महिन्यापूर्वी सांगितलं होतं, या पाण्यात मासा जगतो, माणसाला काय होणार. तांब्याच्या आत रंग कळत नव्हता, त्यांना वाटलं, हे तेच पाणी. गिरजाबाईंना म्हणाल्या, "द्या, पितो. एकदाचं तुमचं समाधान होऊन जाऊ द्या."

मी बोललो असतो, तर बादलीत काय आहे ते सांगावं लागलं असतं, मग ते कशासाठी, मग मासे कशाने मेले, मग कोणी हलवले. एवढं सगळं माझ्या मनात येऊन गेलं, आणि तेवढ्यात त्यांनी तोंडाला तांब्या लावला. मी ओरडलो तेव्हा अर्ध्याच्या वर गेला होता. मी तांब्या हिसकावला. त्यांचे ओठ निळे झाले होते. त्या मला म्हणाल्या, "कडू आहे रे."

नंतरचं तुम्ही नर्स आहात, समजाल. निळ्या-हिरव्या उलट्या, मग रक्त. गिरजाबाई ओरडत होत्या, पाहा, निघालं बाहेर. शेटनी मात्र लगेच जीप काढली. जीपमध्ये काकूंचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि शेट पुढच्या सीटवरून मागे न पाहता म्हणाले, "बाईले तहान लागली, चुकून पेली. समजलं?" दवाखान्यात हवालदारांनी तसंच लिहिलं आणि मी त्यावर सही केली.

मला वाटलं, काकू शुद्धीवर आल्या की खरं सांगतील. काल सकाळी हवालदार पुन्हा आले. काकू बोलल्या. म्हणाल्या, "मले तहान लागली होती. पानी समजून पेलो." ते गेल्यावर मी विचारलं, काकू, असं का सांगितलं? तर म्हणाल्या, "औषध तू घोळलं होतं न, बापू? तुह्यं नाव आलं असतं. तुही नोकरी लागाची आहे."

जाळीचं मी काय बोललो होतो, हे त्यांना अजूनही माहीत नाही. त्यांना वाटतं गिरजाबाईंनीच ते काढलं.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. मग उठून ठाण्यावर गेलो आणि पहिल्यापासून सगळं लिहून दिलं, मांत्रिकाचं, गिरजाबाईंचं, शेटचं आणि माझं. ठाणेदारांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "पेशंट स्वतः म्हनते चुकून पेली. तुमची आधीची सही आहे. आता कोनतं खरं मानू?" मी म्हटलं, हे. त्यांनी कागद ठेवून घेतला, पोच दिली नाही. आज सकाळपासून शेटच्या मिलमधली दोन माणसं दवाखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसली आहेत. एकाने हात वर करून मला नमस्कार केला. म्हणून तोच जबाब मी पुन्हा एकदा लिहून, सही-तारखेसह या पत्राच्या मागे टाचला आहे. तो तुमच्याजवळ ठेवा. माझ्याजवळ राहील की नाही सांगता येत नाही.

डॉक्टरांसाठी: अर्धा किलो मोरचूद, एक बादली पाणी, त्यातला अर्ध्याहून जास्त तांब्या, शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास. हे मी इथल्या डॉक्टरांना कालच सांगितलं. शुक्रवारी सांगायला हवं होतं. शुक्रवारी मी म्हटलं होतं, किती ते माहीत नाही.

आत्ता मी हे लिहितो आहे ते पाहून काकूंनी विचारलं, "चंद्रकलेले लिवून राहिला का?" मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं ते असं:

"लिही, मी बरी आहो. पोटात दुखत होतं, आता कमी आहे. तिले सुटी भेटत नाही, उगाच येऊ नोको म्हना. होळीले आली त चालते. आन् तेजरामनं माही लय सेवा केली म्हना, पोटच्या पोरासारखी."

मी ते लिहिलं, कारण शब्द त्यांचे आहेत आणि तुमच्यापर्यंत पोचले पाहिजेत. पण ताई, होळीची वाट पाहू नका. आज निघा. भंडारा रोडला उतरलात की रिक्षाने थेट दवाखान्यात या, बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. तुमसरला उतरू नका, आणि कोणाची जीप घ्यायला आली तर बसू नका.

मी खाटेशी असेन. माझ्याशी बोलायची गरज नाही. आईजवळ बसा, मी उठून बाहेर जाईन. त्यांना खरं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सांगायचं ठरलं, तर ते मलाच सांगायला लावा.

तुमच्या आईचा गुन्हेगार,
तेजराम