आत्या आली आणि दिवा विझला

तीर्थस्वरूप आत्यास, दोन्ही कान धरून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? मी ठणठणीत आहे, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, म्हणून पत्र. फाडू नकोस. निदान वाचून फाड.

परवा तू बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आलीस आणि त्यांनी वळूनही पाहिलं नाही, तो अपमान त्यांनी केलेला नाही. तो मी केला, तोही सुटे भाग विकत आणून. बाबांना हल्ली ऐकू येत नाही. (तुला कोण सांगणार? तुमचा अबोला माझ्या लग्नाआधीपासूनचा.) त्यातून ते उजेडासाठी मागच्या खिडकीकडे तोंड करून बसतात, त्यामुळे गिऱ्हाईक हाका मारून निघून जायचं. मग मला अक्कल सुचली. काउंटरच्या कडेला मी एक सेन्सर बसवला. तो न दिसणारा उजेड सोडतो, परत आलेल्या उजेडावरून अंतर ओळखतो, आणि माणूस जितका जवळ तितकं जास्त व्होल्टेज देतो. शेजारी कंपॅरेटर, म्हणजे एक चिमुकली चिप. हे व्होल्टेज मी स्क्रूने ठरवलेल्या मर्यादेच्या वर आहे की खाली, एवढंच ती बघते. वर गेलं की बाबांच्या टेबलावर लाल दिवा. समोरच्या शिंप्याला मी हे इतकं समजावलं, की मला बघताच तो शटर ओढू लागला.

पहिल्याच दिवशी दिवा लागला, बाबा वळून अदबीने "या, बसा" म्हणाले, तर समोर कुणीतरी विसरलेला कोट. मी स्क्रू पिळला आणि गाडी रुळावर आली असं समजून शेफारलो.

तेवढ्यात तू आलीस. दिवा लागला. बाबांनी हातातला बारीक स्क्रू बसवेपर्यंत तो विझलाही, आणि त्यांना वाटलं, परत कोट आला. शिंपी सांगतो, तू हाका मारल्यास, मग भावाचं तोंड दिसावं म्हणून काउंटरवर पार ओणवी झालीस. मी नंतर तसाच ओणवा होऊन पाहिलं. या सेन्सरची खोड अशी, की माणूस अगदी चिकटला की व्होल्टेज उलट खाली येतं आणि कंपॅरेटर बिनदिक्कत ठरवतो, कुणी नाही! हे सेन्सरसोबत आलेल्या कागदावर छापलेलं होतं. तो कागद मी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातला होता.

आत्या, मला फार लाज वाटते गं. इतक्या वर्षांनी तू आपणहून आलीस आणि माझ्या शहाणपणामुळे डोळे पुसत परत गेलीस. बाबांना सांगितलं तर रागावलेही नाहीत. "दुकानाच्या त्या पायऱ्या चढून आली ती?" एवढंच विचारलं आणि घड्याळ उघडं टाकून बसून राहिले. त्यापेक्षा चार शिव्या घालायच्या होत्या.

तुझा दिवटा भाचा

ता. क. सेन्सर उपटून टाकला आहे. आता हवी तितकी जवळ उभी राहा.

आणखी एक ता. क. बाबांनी टेबल फिरवून घेतलं आहे. खिडकीकडे पाठ, दाराकडे तोंड. विचारलं तर म्हणतात, इथे उजेड बरा येतो. एक घड्याळ धड दुरुस्त होत नाहीये. ये गं लवकर.