स्टँडवरची विजेची गाडी

॥ ॐ नमः शिवाय ॥
कळंब, दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. बसवेश यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडं सगळे बरे आहोत, तुमची खुशाली कळव. कारखान्यातल्या प्रेसनं तुझे कान घालवले, फोनवर तू नुसतं काय, काय करतोस; आणि मोबाइलवर लिहायला माझी बोटं चालत न्हाईत. तेव्हा आपलं पत्रच बरं.

तुझ्या दाजींची जीप आता संपली. कळंब-ढोकी रस्त्यावर इतकी वर्षं पळाली, पण आता चढाला असा काळा धूर सोडते की मागं बसलेली बाई उतरेपर्यंत खोकते. दाजींना गुडघ्यामुळं क्लच दाबवत न्हाई. नवी गाडी घ्यायची आणि ती महेश्वरीनं चालवायची असं बापलेकीचं ठरलंय. पोरीनं लायसनसुद्धा काढलं, मला न विचारता. आता कसली गाडी घ्यावी यावर रोज जेवताना वाद. धूर न सोडणारीच पाहिजे म्हणते. तू गाड्यांच्या कारखान्यात आहेस, तूच सांग.

मला खरी काळजी स्टँडची आहे. भीमाशंकर तिथला म्होरक्या झालाय. तुझ्या वर्गात होता, आपल्याकडं जेवायचा, तोच. दिवाळीआधी एका टमटमवाल्यानं नंबर मोडून माणसं भरली, तर यानं त्याची बोटं जीपच्या दारात धरून दार लावलं. दोन बोटं गेली. पोलिसांत कुणी गेलं न्हाई.

सूनबाईस आशीर्वाद. पत्र धाड, आळस करू नको.
तुझी अक्का,
शिवकांता

चाकण, दि. १२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दाजींची जीप संपली हे वाचून कळंबच्या झाडांना बरं वाटलं असेल.

आता ऐक. सीएनजीची गाडी डिझेलपेक्षा स्वस्त पळते, धूर कमी. पण टाकी डिकी खाऊन टाकते, माणसांच्या पिशव्या कुठं ठेवणार, आणि पंपावर रांगेत उभं राहण्यात अर्धी सकाळ जाते. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरी दोन्ही. ब्रेक दाबला की बॅटरी आपली आपण भरते. पुण्यातल्या गर्दीत फार चांगली, आपल्या मोकळ्या रस्त्यावर तेवढा फायदा नाही आणि किंमत दाजींना घाम फोडेल. इथेनॉलवरची म्हणशील तर ते आपल्याच उसापासून होतं, ऐकायला गोड. पण ॲव्हरेज कमी मिळतं, आणि ऊस पाणी किती पितो ते ढोकीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला मी काय सांगू. हायड्रोजनवाली नुसती वाफ सोडते, पण ती भरायला जिल्ह्यात पंप नाही, म्हणून ती फक्त फोटोत बघायची.

राहिली विजेची. धूर नाही, क्लच नाही, ऑइल नाही, चालवायचा खर्च सगळ्यांत कमी. पण घेतानाच महाग, भरायला तासन् तास लागतात, आणि तुमच्याकडची लाइट गेली की गाडी घरी. माणसं भरून एसी लावला तर कंपनी सांगते तेवढी पळत नाही. वर ती वीज कोळशातूनच येते, तेव्हा महेश्वरीनं फार पुण्य केल्याचं तोंड करू नये. तरी ठरलेल्या रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्याला, रात्री दारात लावून भरणाऱ्याला, मी तीच घ्या म्हणेन.

भीमाशंकरचं मनावर घेऊ नकोस. तो तोंडाचा तिखट, मला ओळखतो. मी त्याला एक चिठ्ठी टाकतो.

दाजींना नमस्कार. आहे ती माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
बसवेश

कळंब, दि. २१ मे २०२५

चि. बसवेश यास आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

तू सांगितलीस तीच, सात माणसांची गाडी मार्चात घेतली. बायकांना लई पटली. धूर न्हाई, हादरे न्हाईत, चालवणारी पोरगी. त्या जीपमध्ये चढंनात, महेश्वरीच्या फेरीची वाट बघत थांबायच्या. त्यातून सुरू झालं. आधी चारी टायर फाडले. मग तडवळ्याच्या पुढं चालत्या गाडीवर दगड मारला, काच फुटून एका म्हाताऱ्या बाईचं कपाळ फाटलं. तुझी चिठ्ठी भीमाशंकरनं स्टँडवर वाचून दाखवली आणि हसला, असं दाजी म्हणाले. मी गाडी विका म्हणून पाया पडले. बापलेकीनं ऐकलं न्हाई.

गेल्या गुरुवारी दुपारी महेश्वरी ढोकीहून परत येत होती, गाडी रिकामी होती. दाजी स्टँडवर होते. भीमाशंकरनं आणि दोघांनी त्यांना बंद रसवंतीच्या मागं ओढत नेलं. टायर खोलायच्या लोखंडी टॉमीनं मारलं. जबडा मोडला, डावा डोळा गेला, बरगड्या गेल्या. डॉक्टर म्हणाले अजून एक घाव डोक्यात बसता तर प्रेतच आणावं लागलं असतं.

तेवढ्यात महेश्वरी तिथं पोचली. गाडीला आवाज न्हाई, त्यांना कळलं न्हाई. हॉर्न वाजवायला वेळ मिळाला न्हाई, गाडी भीमाशंकरच्या अंगावर गेली. त्याचा उजवा पाय भिंतीत आणि गाडीत सापडून चेंदला. बाकीचे दोघे त्याला तसाच टाकून पळाले. पोरीनं एकटीनं दाजींना आणि त्याला त्याच गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. मी गाडी धुतली बसवेश. सीटखालून रक्त निघंना.

त्याचा पाय गुडघ्यातून काढला. पोलीस महेश्वरीचा जबाब घ्यायला येणार आहेत. काय करावं ते लगेच लिही.
अक्का

चाकण, दि. २४ मे २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी निघतोय.

तोवर एवढं कर. महेश्वरीला सांग, जबाबात म्हणावं की गाडी आपोआप उसळली. विजेच्या गाडीचा पहिला झटका जोराचा असतो, नवीन चालवणाऱ्याचा अंदाज चुकतो, हे कुणीही मानेल. कळंबमध्ये तर लोक या गाड्यांबद्दल आधीच वाटेल ते बोलतात. दोष गाडीवर जाऊ दे. गाडीला कुणी तुरुंगात घालत नाही. हे मी, गाड्या बनवणारा माणूस, लिहितोय यातच काय ते समज.

मुलीला जवळ घे. बाकी समक्ष बोलू.
बसवेश

कळंब, दि. ९ जुलै २०२५

ती. मामांस महेश्वरीचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही आलात, चार दिवस राहिलात, पण मी तुमच्याशी नीट बोलले नाही. राग मानू नका. तुमचं पत्र आईनं मला दाखवलं होतं. तुम्ही यायच्या आदल्या दिवशीच मी ठाण्यात जाऊन जबाब दिला होता.

गाडी उसळली नाही, मामा. मी रसवंतीच्या कोपऱ्यावर वळले तेव्हा बाबा खाली पडले होते आणि भीमाशंकरमामा त्यांच्याजवळ टॉमी उगारून उभे होते. त्यांची पाठ माझ्याकडं होती. माझा हात हॉर्नवर होता. वाजवला असता तर ते दचकून पळाले असते, बाबा तरीही वाचले असते. मी वाजवला नाही. मला ते पळायला नको होते. मी पाय दाबला आणि भिंत लागेपर्यंत काढला नाही. हे सगळं मी सांगितलं. साहेबांनी दोनदा विचारलं, गाडीत काही बिघाड होता का. मी नाही म्हणाले.

आई आठ-दहा दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबांचा जबडा तारेनं बांधलेला, ते फक्त एका डोळ्यानं बघत राहायचे. आता माझ्यावरही गुन्हा आहे, त्या तिघांवरही. मला जामीन मिळालाय. लायसन अजून हातात आहे, निकालानंतर राहील का ते वकीलही सांगत नाहीत.

पोलिसांनी जप्त केलेली गाडी सुटून आली आणि सोमवारी मी स्टँडवर लावली. कुणी बसलं नाही. ज्या बायका माझ्या फेरीसाठी थांबायच्या त्या नजर चुकवून जीपमध्ये चढल्या. मग गजराबाई आल्या, भीमाशंकरमामांची बायको. त्यांना धाराशिवला जायचं होतं, पायाची जखम चिघळली म्हणून भीमाशंकरमामांना तिथं दवाखान्यात ठेवलंय. जीपवाल्यांनी फुकट नेतो म्हणून हाका मारल्या. त्या माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या.

मला वाटलं मारणार. येडशी आली. मग समोर बघतच म्हणाल्या, जीपवाले माझ्या माणसाला रक्तात टाकून पळाले आणि ठाण्यात आम्ही तिथं नव्हतोच म्हणाले. त्यांच्या गाडीत मला बसायचं न्हाई. तू दोष गाडीवर ढकलला असतास तर तुझ्याही गाडीत बसले नसते, म्हणाल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, ते शब्द माझ्याजवळ काढू नको, माफी मी देणार न्हाई.

दवाखान्याच्या फाटकाशी उतरल्या. आत येऊ नको म्हणाल्या, आणि संध्याकाळी न्यायला ये म्हणाल्या. मी तिथंच झाडाखाली थांबून राहिले. त्या आल्या, बसल्या, आणि आम्ही कळंबला परत आलो. त्या दिवशी गाडीत दुसरं कुणी बसलं नाही.

काल परत आल्या होत्या.

मामींना नमस्कार. तुमची भाची जशी आहे तशी, पण तुमचीच आहे, एवढं असू द्या.
महेश्वरी