यंदाची उमेबोशी

प्रिय आई,

आपल्या बागेतली आंबट फळं खारवून केलेल्या उमेबोशीची बरणी पोचली. मी खुशाल आहे. पुढचं वाचून घाबरशील, म्हणून हे आधी लिहिलं.

सोमवारी जहाजाच्या पोटात वेल्डिंग करताना माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. पाणी तर मी सकाळपासून ढोसतच होतो. आमचे इवाकिरी मुकादम ओरडले, "अरे शहाण्या, घामातून मीठ गेलं ते कोण भरणार? नुसतं पाणी पिऊन मासा व्हायचंय का?" डब्यातल्या भातावरची तुझी उमेबोशी त्यांनी माझ्या तोंडात घातली, वर जवाचा गार चहा पाजला. थोड्या वेळानं शिडी चढून मी माझ्या पायांनी बाहेर आलो. आता सगळ्या टोळीचा माझ्या डब्यावर डोळा असतो.

तुझ्या पायांची सूज उतरली का? डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, चोरून चाखू नकोस.

पण मग यंदा मीठ घातलं कुणी? इतका सढळ हात तुझा नाही. मी बाग सोडून गोदीत आलो म्हणून बाबा अजून फोनवर येत नाहीत. हात त्यांचाच ना? त्यांना म्हणावं, मीठ अगदी बरोबर पडलंय.

तुझा,
शुन्पेई