फेल शून्य!

२ मे
आजपासून रोजनिशी. थोर माणसाइले ही सवय असतेच. आमची हथखोजची फॅक्टरी टाकीचा कंट्रोलर बनवते. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. त्याचा C प्रोग्राम मी लिहिला, एकट्यानं! मालक दौलतराव बोलले, पहिली मशीन माह्या घरी लाव, बरोबर चालली तर टीम लीड तूच. अबब! टेस्टिंगवाली हर्षा बोलली, पहिले प्रत्येक फंक्शनची वेगळी टेस्ट लिही. लिहितो न. त्यात काय!

३ मे
टाकी भरली तर मोटर बंद व्हावी, एक टेस्ट. सेन्सरची वायर निघाली तरी बंद व्हावी, दुसरी. अशा चाळीस लिहून टाकल्या. हात थांबतच नव्हता.

४ मे, सकाळी
रन केलं. स्क्रीनवर आलं: टेस्ट 0, फेल 0, OK. फेल शून्य!! डोये भरून आले. गेट परीक्षेतही माहा रेकॉर्ड असाच आहे. दरसाल फॉर्म भरतो, आजवर एकदाही नापास नाही.

संध्याकाळी
हर्षानं विचारलं, टेस्टा चालल्या किती? म्हटलं, फेल शून्य. ती म्हणे, ते नाही, चालल्या किती? काहून जळून राहिली कोण जाणे. लीड झालो की समजावून सांगीन.

५ मे
सिव्हिक सेंटरले व्हिजिटिंग कार्ड छापाले टाकले. 'पीयूष, टीम लीड.' आई म्हणे, बाजारात तुरी न भट भटनीले मारी. आईले कोडिंग समजत नाही.

६ मे
दौलतरावाच्या छतावर मशीन लावली. टाकीखालीच त्याइच्या बायकोनं, कमलिनीबाईनं, कुरडया वाळू घातल्या होत्या. मोटर चालू केली न आम्ही खाली चहाले आलो. टाकी भरली. मोटर काही थांबली नाही. पाणी जिन्यानं खाली आलं, संग कुरडया. कमलिनीबाई रडकुंडीले येऊन बोलल्या, तीन दिवस गहू भिजवले होते रे बाबू! म्हटलं, सेन्सरले सर्दी झाली असंल. कोणीच हासलं नाही.

७ मे
हर्षानं कोड उघडला. चाळीस टेस्ट लिहिल्या, पण main या मुख्य फंक्शनमधून एकही बोलावली नाही. म्हणजे एकही चाललीच नव्हती. तिनं पहिलीच बोलावली. टेस्ट 1, फेल 1. लीड हर्षा झाली. बाकीच्या टेस्टा उद्यापासून मी चालवाच्या, न रविवारी कमलिनीबाईकडे कुरडयाचा सोऱ्या दाबाले जायचं.

कार्ड छापून आले. लय सुंदर छापले.

घरी आईले विचारलं, मी हुशार आहो न? आई म्हणे, मले काय मालूम बाबू, पेपरले तर तू कधी बसलाच नाही.